तपासल्याशिवाय पुढे नाही

जगात जे काही बनतं, ते आमच्या दाजींनी एकदा उलटं करून बघितल्याशिवाय पूर्ण बनलेलं नसतं. हे दाजींचं मत नव्हे. मत असतं तर निदान वाद तरी घालता आला असता. हा त्यांचा स्वभाव आहे, आणि स्वभावाशी वाद घालायला गेलेली आमच्या सासरची सगळी माणसं आता दमून त्यांच्याच शेजारी येऊन बसली आहेत. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे थोरले साडू. साडू या नात्यात प्रेम बसवायची आपल्याकडे फारशी सोय नाही. सासरी कुणाला गादी मिळाली आणि कुणाला प्लॅस्टिकची खुर्ची, नळीचा तुकडा कुणाच्या ताटात पडला आणि नुसता रस्सा कुणाच्या, हे दोघांनी जन्मभर मनात ठेवायचं आणि वर हसून "काय म्हणताय, साडूभाऊ?" करायचं, अशी रीत. मीही ती इमानानं पाळली. मुळात मी कमी बोलणारा. बोललो नाही त्याची रुखरुख आणि बोललो तर त्याचीही रुखरुख, अशा दोन्हीकडून भाजणाऱ्या जातीचा. पण आता पन्नाशी उलटली, तेव्हा एकदा लिहूनच टाकतो. दाजी मला फार आवडतात. इतके, की त्यांच्यापुढे खोटं वागताना मला जेवण जात नसे. आणि खोटं तर मी वर्षानुवर्षं वागत होतो. ते पुढे येईलच.

दाजी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांचे गिअर बनायचे, आणि त्यांचे दात बरोबर आहेत की नाहीत हे बघून माल पुढे सोडायचा की अडवायचा, हे दाजींनी ठरवायचं. सकाळी काळेवाडीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस यायची, त्यात बसण्याआधी दाजी बसच्या टायरला एक लाथ मारून बघायचे, आणि मगच पाऊल ठेवायचे. खिशात कायम व्हर्नियर, म्हणजे केसाची जाडीसुद्धा सांगणारं ते स्टीलचं माप. लग्नाची अंगठी घ्यायला सोनाराकडे गेले तेव्हाही ते खिशात होतंच. दाजींनी अंगठीला ते लावलं आणि म्हणाले, "गोल नाहीये. ओव्हल आहे." सोनार म्हातारा आणि खमका होता. म्हणाला, "साहेब, बोट तरी कुठं गोल असतंय?" हा मुद्दा दाजींना पटला. पण नुसता पटून भागणार कसं? त्यांनी ताईंचं, म्हणजे होणाऱ्या बायकोचं, बोट मागितलं. लग्नाआधी, दोन्हीकडची वडीलधारी माणसं समोर असताना. बोट मोजलं, पुन्हा अंगठी मोजली आणि म्हणाले, "बरोबर आहे ह्यांचं. दोन्ही ओव्हल. पास." ताई अजून सांगतात, "मला काही ह्यांनी पसंत केलं नाही गं. पास केलं."

कंपनीत संशयास्पद मालावर लाल स्टिकर लावतात. त्यावर 'होल्ड' असं छापलेलं असतं. म्हणजे हा माल फेकायचाही नाही आणि वापरायचाही नाही, निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवायचा. ही स्टिकरं दाजींच्या घरी कशी यायची ते मी विचारलं नाही, पण यायची. ताईंच्या कुकरच्या रिंगवर एक होतं. सासूबाईंच्या लिंबाच्या लोणच्यावर एक लागलं तेव्हा सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. एकदा आमच्याकडे पिंपळे सौदागरला जेवायला आले आणि गेल्यावर बघतो तर माझ्या स्कूटरच्या ब्रेकवर लाल स्टिकर. मी चिडून फोन केला. दाजी शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, मी स्कूटर रिजेक्ट नाही केली. फक्त म्हणतोय, तुम्ही ती चालवू नका." दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं ब्रेकची तुटत आलेली तार हातात काढून दाखवली, तेव्हा मला वाटलं, चला, या माणसाचं ऐकावं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या हेल्मेटवरही स्टिकर लावलं, आणि त्याला मात्र काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. दाजींचं असं असे. बरोबर आणि चूक दोन्हीत सारखाच आत्मविश्वास. काळेवाडीच्या मंडईत ते भेंडी घ्यायला उभे राहिले की ढिगाच्या वरून एक, मधून एक आणि तळातून एक असं सॅम्पल काढत. भाजीवाली मावशी ओरडायची, "दाजी, भेंडी घ्यायलाय का सून बघायलाय?" दाजी म्हणायचे, "मावशे, सुनेला परत देता येत नाही म्हणून तिथं एवढं बघत नाही. भेंडी परत देता येते."

आणि त्यांचे ते 'का'! कंपनीत एखादा बिघाड झाला की त्याच्या मुळाशी जाईपर्यंत का, का विचारत राहायचं, अशी एक पद्धत असते. दाजींनी ती आमच्या संसारात आणली. एकदा माझं आणि बायकोचं बिनसलं होतं, आठवडाभर अबोला. दाजी मध्यस्थीला आले. पायातले बूट काढले, ते सरळ रेषेत लावले, आमचेही लावले, आणि बसल्या बसल्या बायकोला विचारलं, "भांडण का झालं?" ती म्हणाली, "हे वेळेवर आले नाहीत." "का?" "ऑफिसात अडकले." "मग कळवलं का नाही?" "मला काय माहीत? बोलतात कुठं हे!" "का बोलत नाहीत?" यावर दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायलो. दाजींनी मान डोलावली. "मूळ कारण सापडलं. पाव्हणं बोलत नाहीत." "मग आता उपाय काय, दाजी?" बायकोनं विचारलं. "उपाय दुसऱ्या डिपार्टमेंटचा असतो," म्हणाले, आणि चहा पिऊन निघून गेले.

आता माझं खोटं. मी एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे. आलेला माल, गेलेला माल, संगणकावर चढवायचा. एक चौकट उघडते, आकडे टाकायचे, एक बटण दाबायचं, चौकट मिटते. त्या चौकटीच्या आत काय आहे, मागे काय आहे, मला कधीही कळलेलं नाही. पण सासरी मी पहिला असा जावई की जो दिवसभर संगणकासमोर बसतो. तेवढ्यावर मला तज्ज्ञपद मिळालं. सुरुवातीला मी 'नाही हो' म्हणालो होतो, ते त्यांना विनय वाटलं. मग मी गप्प बसलो, ते ज्ञान वाटलं. कुणाचा फोन अडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की "पाव्हण्यांना बोलवा." मी जायचो, कपाळाला आठ्या घालायचो आणि "सर्व्हर डाऊन असेल," "अपडेट मागत असेल," "एकदा बंद करून चालू करा" यातलं जे तोंडाला येईल ते म्हणायचो. नवल म्हणजे बऱ्याचदा चालायचंही. मेहुण्याच्या लग्नात मला याबद्दल फेटा मिळाला. अख्ख्या जगावर संशय घेणाऱ्या दाजींनी न तपासता पास केलेला माल तो एकच. मी.

मग कंपनीनं चाकणची ती लाइन दुसरीकडे हलवली आणि दाजींना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली. स्वेच्छा कंपनीची होती, निवृत्ती दाजींची. शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि माणूस घरी आला. पहिला महिना त्यांनी घर तपासलं. डब्यांची झाकणं, खिडक्यांच्या कड्या, गॅसची नळी. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या. मग तपासायचं संपलं. ताई एकदा आमच्याकडे आल्या आणि बायकोला सांगू लागल्या, मी शेजारच्या खोलीत होतो. "सकाळी उठून तयार होतात गं. दाढी, इस्त्रीचा शर्ट. आणि मग बस जायच्या टायमाला गॅलरीत उभे राहतात. बस गेली की आत येतात, शर्ट काढून पुन्हा हँगरला लावतात. काल मी भाजीत मीठच टाकलं नव्हतं. काही बोलले नाहीत. जेवले." या शेवटच्या वाक्याशी ताईंचा आवाज फाटला. अळणी भाजी मुकाट्यानं खाणारे दाजी म्हणजे काय, हे ज्याला दाजी माहीत आहेत त्यालाच कळेल.

त्यानंतर काही दिवसांनी दाजी माझ्याकडे आले ते पेढे घेऊन. चऱ्होलीच्या पलीकडे माळावर जे नवं विद्यापीठ झालंय, तिथे त्यांनी एम. ए.ला नाव घातलं होतं. विषय इतिहास. बी. ए. त्यांनी नोकरी करता करता बाहेरून केलं होतं. "जय भीम, पाव्हणं. ॲडमिशन पक्कं," म्हणाले आणि गळ्यातलं ओळखपत्र शर्टातून बाहेर काढून दाखवलं. त्यावरचा फोटो तिरका छापला होता, हे मला दिसलं. त्यांनाही दिसलं असणारच. पण ते एवढंच म्हणाले, "गेटवर दाखवल्याशिवाय आत सोडत नाहीत." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता, की जणू गेटवर अडवणं ही जगातली सगळ्यात मानाची गोष्ट.

आणि मग ते वाय-फाय आलं.

त्या विद्यापीठात हजेरी तोंडी घेत नाहीत. तास सुरू झाला की ज्यानं त्यानं आपल्या फोनवरच्या ॲपमध्ये हजर म्हणून बटण दाबायचं. ते बटण चालतं फक्त विद्यापीठाच्या स्वतःच्या वाय-फायवर, म्हणजे कुणी घरी लोळत हजेरी लावू नये. त्या वाय-फायला नुसता पासवर्ड पुरत नाही. त्याला आधी फोनमध्ये एक भलंमोठं पान भरून द्यावं लागतं. हे पान भरलं नाही तर फोन जोडला जात नाही, फोन जोडला नाही तर हजेरी नाही, आणि हजेरी भरली नाही तर परीक्षेचं हॉल तिकीट नाही. दाजी पहिल्या बाकावर बसत. सरांच्या प्रत्येक प्रश्नाला हात वर करत, न विचारलेल्या प्रश्नांनाही. आणि संध्याकाळी ॲपमध्ये बघावं तर गैरहजर. सर भले होते. म्हणायचे, "काका, मला दिसताय हो तुम्ही. सिस्टमला दिसत नाही, त्याला मी काय करू?"

नोटीस बोर्डावर ते पान कसं भरायचं याची सूचना लावलेली होती. पोरं ती वाचतही नसत. एकमेकांचं बघून चटाचट दाबत आणि मोकळी होत. दाजींनी ती वाचायला घेतली. आधी ओळख मागितली होती, त्याच्याच खाली 'निनावी ओळख' मागितली होती. दाजींनी मला ऑफिसात फोन केला. "पाव्हणं, हे म्हणतंय तुमचं नाव सांगा. आणि खाली म्हणतंय नाव न सांगता ओळख सांगा. नक्की काय करायचंय ह्याला?" मी आठ्या घातल्या. फोनवर त्या दिसत नाहीत हे नंतर लक्षात आलं. म्हटलं, "खालचं मोकळं सोडा." "मोकळं? रकाना छापलाय आणि मोकळा सोडायचा?" पुढे 'फेज टू' असं काहीतरी होतं. दाजी म्हणाले, "फेज वन कुणी केला? मी तर केला नाही." त्यापुढे इंग्रजी अक्षरांची एक अशी माळ होती की ती उच्चारायला तोंडात सगळे दात शाबूत हवेत. मी म्हणालो, "दाजी, सर्व्हर डाऊन असेल." ते आदरानं म्हणाले, "असं का? बरं." त्या 'बरं'नं माझा डबा तसाच परत आला.

पण खरी गाडी अडली ती पुढे. त्या पानावर 'प्रमाणपत्र' अशी एक ओळ होती. म्हणजे, समोरचं वाय-फाय हे खरोखर विद्यापीठाचंच आहे, कुणा भामट्याचं नाही, याची फोननं खात्री कशी करायची, तो प्रश्न. आणि सूचनेत त्यापुढे स्वच्छ लिहिलं होतं, की इथे 'तपासू नका' हा पर्याय निवडावा.

तपासू नका! आयुष्यभर ज्यानं तपासण्याचाच पगार घेतला, त्याला हे छापील सांगणं. दाजींचं बोट त्या ओळीवर येऊन थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच. एक दिवस नाही, एक आठवडा नाही. वर्गातल्या पोरी मागे लागल्या, "काका, द्या इकडं, मी दाबते." दाजी फोन छातीशी धरत. "बाई, तू दाबलंस तरी फोन माझा आहे. माझ्या हातून न तपासता कधी काही पुढे गेलं नाही."

शेवटी ताईंचा मला फोन आला. "पाव्हणं, तुम्ही जा त्यांच्यासंगं. तुमचंच ऐकतील. हे परीक्षेला बसले नाहीत तर..." गॅलरी मला आठवली. शनिवारी सुट्टी काढून मी दाजींबरोबर गेलो. बायको निघताना कौतुकानं म्हणाली, "तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांचं काम."

विद्यापीठात संगणकांची एक खोली आहे. तिथे कानात इअरफोनची बोंडं घातलेला एक तरुण सर बसला होता. दाजींना बघून त्यानं बोंडं काढली. ओळख जुनी असावी.

"काका, दाबलं का?"

"दाबतो की. डेव्हिएशन द्या."

"काय द्या?"

दाजी माझ्याकडे वळले, म्हणजे बघा, शिकलेल्या माणसाला हेही माहीत नाही, अशा अर्थानं. मग समजावून सांगू लागले. कंपनीत कधी कधी माल मापात बसत नाही पण पुढे सोडणं तर भाग असतं. तेव्हा एक कागद करतात. कुठला माल, काय कमी आहे, का सोडतोय, आणि जबाबदारी कुणाची. खाली सही. त्याला डेव्हिएशन म्हणतात. सही असली की क्वालिटीवाला बिनघोर माल सोडतो. "तुम्ही म्हणताय तपासू नका. नाही तपासत. पण कुणाच्या सहीनं?"

"काका, सगळ्या कॉलेजनं दाबलंय हो. काही होत नाही."

"सगळा लॉट एकाच बाजूला वाकडा असला, तर तो सरळ म्हणायचा का?"

"अहो, पण मलाही वरूनच सांगितलंय असं. मी कशी सही करू?"

"मग वरचे कोण?"

"वरचे पुण्याला बसतात." त्यानं केविलवाणं माझ्याकडे पाहिलं. "सर, तुम्ही समजवा ना. तुम्ही ह्याच फील्डमधले ना? काका रोज सांगतात तुमच्याबद्दल."

रोज! मी घसा खाकरला. तेवढ्यात दाजींचं लक्ष छताला लटकलेल्या वाय-फायच्या पांढऱ्या डबीकडे गेलं आणि त्यांनी विचारलं, "ह्याचं माप तपासून कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलंय? तारखेचं स्टिकर दिसत नाही." आणि त्या सरांनी हो-नाही म्हणायच्या आत ते स्टुलावर चढलेही. डबीला चारही बाजूंनी निरखलं, बोटानं टिचकी मारली. डबीचा हिरवा दिवा विझला. बाहेरच्या व्हरांड्यातून पोरांचा एकदम आरडाओरडा आला. "नेट गेलं रे!" सर धावले. आम्ही दोघं आमच्या परीनं दिसेनासे झालो.

पोरांचा 'आलं रे, आलं' असा गलका ऐकू आला तेव्हा कुठे लायब्ररीच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. समोर माळ, त्यापलीकडे उभ्या राहणाऱ्या सोसायट्यांच्या क्रेन. दाजींनी पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि मांडीवर ठेवून सुबक रेघा मारल्या. वर लिहिलं, 'वाय-फाय.' कमतरता, 'प्रमाणपत्र तपासलेलं नाही.' कारण, 'परीक्षा.' आणि जबाबदारीच्या रकान्यात माझं नाव. कागद आणि पेन माझ्यापुढे केला.

"तुम्ही करा सही, पाव्हणं. घरातला ह्यातला माणूस तुम्हीच. तुमची सही असली की मी दाबतो. आज दुपारी तास आहे. सर म्हणालेत, आजपासून एकही तास चुकवला नाही, तरच हजेरी कशीबशी भरतेय."

म्हणजे सही केली की काम झालं. एवढंच करायचं होतं. दाजी परीक्षेला बसले असते, ताईंचा जीव भांड्यात पडला असता, आणि मी संध्याकाळी घरी तज्ज्ञ म्हणूनच परतलो असतो. पेन मी हातात घेतलंही. पण ज्या माणसाचं बोट इतके दिवस एका ओळीवर अडून राहिलं, ते माझ्या नावावर पुढे सरकणार होतं. आणि माझं नाव म्हणजे आत काही नसलेला डबा.

"दाजी," मी म्हणालो, "मला ह्यातलं काही कळत नाही."

"ह्या पानातलं?"

"कशातलंच. कॉम्प्युटरचं मला काहीच कळत नाही. कधीच कळलेलं नाही."

दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. गिअर हातात घेऊन बघावा तसं.

"मग माझा प्रिंटर?"

"बंद करून चालू केला."

"हिच्या बँकेचं ॲप?"

"आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीकडून करून घेतलं."

"टीव्ही?"

"रिमोटचे सेल बदलले."

"आणि ते सर्व्हर डाऊन?"

"म्हणजे काय असतं, मला माहीत नाही, दाजी."

मला वाटलं, आता उठून जातील. गेले असते तर ते योग्यच होतं. पण दाजींच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला आधी भीती वाटली. मग कळलं, ते हसतायत. आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईतो. "मेहुण्याच्या लग्नात फेटा बांधला राव तुम्हाला!" एवढंच कसंबसं म्हणाले. हसून झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि निकाल द्यायच्या आवाजात म्हणाले, "रिजेक्ट नाही करत. रिवर्क. दुरुस्त करून घेऊ."

मी कागद परत द्यायला लागलो. त्यांनी घेतला नाही.

"सही करा."

"अहो, पण आत्ताच सांगितलं ना, मला—"

"ऐकलं. डेव्हिएशनवर सही करणाऱ्याला सगळं कळतंच असं कुठंय? आमच्या मोठ्या साहेबाला गिअरची उलटी-सुलटी बाजू कळत नव्हती. काही चुकलं तर कुणाकडं जायचं, तेवढं नाव पाहिजे. उद्या ह्या फोनचं काही बरंवाईट झालं, माझं खातं गेलं, फोटो गेले, तर तुम्ही येणार का?"

"काय करायला? मला तर काहीच—"

"नुसतं यायला."

"येईन," मी म्हणालो.

"मग करा."

मी सही केली. ऑफिसात मी रोज सह्या करतो, पण ही करण्याआधी कागद पुन्हा एकदा वाचला. दाजींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली, फोन काढला, चष्मा नीट बसवला आणि ती ओळ दाबली. डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. पासवर्ड टाकताना एकदा चुकले, पुन्हा टाकला. एक गोल फिरायला लागला. आम्ही दोघं दोन डोकी एकाला एक लावून त्या गोलाकडे बघत बसलो. तो का फिरतोय, आत काय चाललंय, कोण कुणाला काय विचारतंय, दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि प्रथमच दोघांनाही ठाऊक होतं की दोघांनाही ठाऊक नाही. मग गोल थांबला आणि तिथे 'जोडले' असं उमटलं.

दुपारच्या तासाला मी वर्गाबाहेर खिडकीशी उभा होतो. दाजींनी पहिल्या बाकावरून ॲपचं बटण दाबलं. मग फोन माझ्या दिशेनं धरला, खिडकीतून दिसेल असा. 'हजर.' मी मान हलवली. त्यांनी फोन खाली घेतला, पण शब्दावरची नजर काढली नाही. सर शिकवत होते, आणि पहिल्यांदाच, मला वाटतं, दाजींनी प्रश्नाला हात वर केला नाही.

त्यानंतर त्यांनी एकही तास चुकवला नाही. ताप अंगात असताना गेले. परीक्षा दिली, पुढचं वर्षही काढलं, एम. ए. झाले. फोनचं काही बरंवाईट झालं नाही. माझी गोष्ट त्यांनी घरात कुणालाही सांगितली नाही. कुणाचा प्रिंटर अडला की माझ्याआधी तेच म्हणतात, "पाव्हण्यांना नका त्रास देऊ, सर्व्हर डाऊन असेल," आणि माझ्याकडे बघतही नाहीत. आता हे छापून आलं की बायको वाचेल आणि काय ते होईल.

परवा आळंदीकडे एका लग्नाला निघालो होतो, मी गाडी चालवत होतो, दाजी शेजारी. विद्यापीठाची भिंत सुरू झाली तसा त्यांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी काढून बघितला. कोर्स संपला तसं त्यांचं खातं तिथून बंद झालंय, तरी फोन अजून त्या वाय-फायला जोडून घ्यायला बघतो, आणि जमत नाही म्हणून पासवर्ड पुन्हा विचारतो.

मी म्हटलं, "ते नाव काढून टाका फोनमधून, दाजी. उगाच थरथरत राहतं. एवढं मला येतं आता, देऊ का काढून?"

"राहू द्या," दाजी म्हणाले.

भिंत लांब आहे. मी गाडी थोडी हळू घेतली. दाजी फोन तसाच तळहातावर धरून बसले होते, आणि भिंत संपेपर्यंत तो त्यांना विचारत राहिला.